मगभर जिवंत पाणी

मावशी स्वतःच्या तोंडाने स्वतःचं कौतुक करायची नाही असं मी सांगितलं तर ती शुद्ध थाप होईल. करायची, आणि अगदी मनसोक्त करायची. मत्स्यसंशोधन केंद्राच्या मागच्या अंगाला पत्र्याच्या छपराखाली सिमेंटच्या बारा टाक्या होत्या, आणि त्या सव्वीस वर्षं तिच्या ताब्यात होत्या. कोणी नवीन कामाला लागलं की पहिल्याच दिवशी त्याला टाक्यांमधून फिरवून ती ऐकवायची, "सव्वीस वर्षांत माझ्या हाताखाली एक टाकी मेलेली नाही. विचार कोणालाही." तो बिचारा खरंच जाऊन कोणाला तरी विचारायचा, आणि ते खरं निघायचं.

आता टाकी मरते म्हणजे काय, हे आधी समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. मासे मरतात ते नंतर. आधी पाणी मरतं. चांगल्या टाकीच्या पाण्यात टाचणीच्या टोकाएवढे जीव असतात, हजारोंनी, लाखोंनी. काही नुसते तरंगतात, काही टुणटुण उड्या मारतात. त्यांना टाकीवाले पाणपिसवा म्हणतात. माशांची पिल्लं जिऱ्याएवढी असतात तेव्हा त्यांना नावही जिरेच, आणि हे जिरे पहिले पंधरा दिवस या जिवांवरच वाढतात. वरून टाकलेलं खाद्य त्यांना नीट खाता येत नाही. म्हणून मावशी रोज सकाळी काचेचा पेला टाकीत बुडवून उजेडाकडे धरायची. आत चुळबुळ दिसली की म्हणायची, "नाचतंय," आणि पुढच्या टाकीकडे वळायची. ती एवढं करायची आणि तिला सगळं कळायचं. केंद्रातले साहेब लोक तेच सूक्ष्मदर्शकाखाली मोजायला दोन तास घेत, याचं तिला मनातून फार हसू यायचं.

त्या वर्षी केंद्रात एक संशोधन करणारी मुलगी आली. अठ्ठावीसेक वर्षांची, जाड भिंगांचा चष्मा, आणि बोलायला लागली की एक वाक्य संपायच्या आत दुसरं सुरू. सगळे तिला मॅडम म्हणायचे, मावशी तिला पोरी म्हणायची. माशांच्या खाद्यात घालतात तो मासळीचा भुगा मिळेनासा झाला होता, आणि त्याच्या जागी तेल काढून उरलेली पेंड घालावी असं सगळीकडे चाललं होतं. मासे पेंड खातात, त्यात काही विशेष नाही. पण घातलेलं सगळं खाद्य काही माशांच्या पोटात जात नाही. निम्मंअर्धं पाण्यातच विरघळतं, आणि मग ते पाण्यातल्या त्या बारीक जिवांच्या वाट्याला येतं.

"माशांना काय मानवतं ते सगळे विचारतात, मावशी," मॅडम पहिल्याच आठवड्यात म्हणाली. "पाण्याला काय मानवतं ते मला बघायचंय."

मावशीने हातातला झाडू भिंतीला टेकवला आणि तिच्याकडे नीट बघितलं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा कोणी शिकलेलं माणूस तिच्या मनातलं बोललं होतं. त्या दिवसापासून ही पोर तिची लाडकी झाली.

प्रयोग असा होता: चार तऱ्हेचं खाद्य, प्रत्येकी तीन टाक्या. एकात सगळा मासळीचा भुगा, एकात थोडी पेंड, एकात निम्मी, आणि शेवटच्यात निव्वळ पेंड. कोणत्या टाकीला काय, हे चिठ्ठ्या टाकून ठरलं. वाडगा मावशीने धरला होता. निव्वळ पेंड आली तीन, सात आणि अकरा नंबरला. प्रत्येक टाकीची जाळी वेगळी, पेला वेगळा, मग वेगळा, त्यावर रंगाने आकडे. भिंतीवर पाटी: एका टाकीचं पाणी दुसऱ्या टाकीत जाता कामा नये. पाटी मॅडमने लिहिली आणि मावशीने खिळे ठोकून लावली. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण पुढे कोणीतरी म्हणेल की बाईला नियम ठाऊक नव्हता. ठाऊक होता. खिळेसुद्धा तिचेच होते.

दोन आठवडे सगळं छान चाललं. तिसऱ्या आठवड्यात तीन, सात आणि अकराचं पाणी बिनदुधाच्या चहासारखं तांबूस झालं. मावशीने पेला उजेडाकडे धरला. काहीच नाचत नव्हतं. तिने पेला हलवून पाहिला, फडक्याने पुसून पाहिला, डोळे चोळून पाहिले. दोन पाणपिसवा दिसल्या, त्याही तळाशी बसलेल्या.

नेमके त्याच दिवशी मोठे सर फेरीवर आले. मोठे सर म्हणजे केंद्राचे प्रमुख, माणूस तसा वाईट नाही, फक्त जिभेला हाड नाही. तीन नंबरपाशी थांबून ते म्हणाले, "काय मावशी, हात थकला वाटतं आता!" आणि हसत हसत पुढे गेले. जिना चढेपर्यंत ते हे विसरलेही असतील. मावशीने मात्र त्या दुपारी डबा उघडला तसाच बंद केला.

हात थकला! सव्वीस वर्षं. रोज पाणी उपसून, शेवाळ खरवडून बोटांची कातडी गेली होती, आणि हे म्हणे हात थकला. तिला राग आला, रडू आलं, आणि सगळ्यात जास्त म्हणजे लाज वाटली. उद्या सगळ्या केंद्रात होणार, मावशीच्या टाक्या मेल्या. पेंडीमुळे मेल्या असं कोण म्हणणार? टाकी मेली की लोक टाकीवालीकडेच बघतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ती आली. मॅडम नऊला यायची. मावशीने पाच नंबरच्या टाकीतून मगभर पाणी घेतलं. पाच नंबरला मासळीच्या भुग्याचं खाद्य होतं आणि तिथलं पाणी असं काही नाचत होतं की बघत राहावं. तो मग तिने तीन नंबरमध्ये ओतला. दुसरा सातमध्ये. तिसरा अकरामध्ये.

खरं सांगायचं तर टाकीवाल्यांच्या धंद्यात हे पाप नव्हे. नवीन टाकी भरली की जुन्या चांगल्या टाकीतलं दोन बादल्या पाणी त्यात घालायचं, विरजण लावतात तसं, हे सगळेच करतात. मावशीने स्वतः शेकडो वेळा केलं होतं, दुसऱ्यांना शिकवलं होतं. पण ते टाकी वाढवताना. इथे टाकीची परीक्षा चालली होती, आणि परीक्षेत पोराच्या कानात उत्तर सांगणं म्हणजे काय असतं हे न कळण्याइतकी ती भोळी नव्हती. तिने मग धुतला, पुसला, खुंटीला अडकवला आणि इकडेतिकडे बघितलं. चांगलं काम करताना माणूस इकडेतिकडे बघत नाही.

एकदाच, असं तिने ठरवलं होतं. पण दोन दिवसांत नाच पुन्हा मंदावला. मग ती रोजच घालू लागली. रोज सकाळी सात वाजता, तीन मग, पाच आठवडे.

वर मोजणीच्या खोलीत मॅडम सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून एका हाताने मोजयंत्राचं बटण टकटक दाबत ते जीव मोजत बसायची. एक दिवस ती धावतच खाली आली. "मावशी, तीन नंबर सुधारला! सातही! अकराही!" तिने मावशीचे ओले हात हातात घेतले. "माहितीये याचा अर्थ काय? पाण्याला पेंडीची सवय होते! आधी ते जीव कमी होतात, मग जे टिकतात ते पेंडीवरच वाढतात! हे अजून कोणी दाखवलेलं नाही!"

मावशीचे कान तापले. सांगून टाकावं, आत्ता, या पायरीवर, असं तिला वाटलं. शब्द ओठांपर्यंत आले होते. तेवढ्यात मोठे सर आले, त्यांनी तीन नंबरमध्ये डोकावलं आणि म्हणाले, "वा! शेवटी मावशीचा हात, दुसरं काय!" आणि ओठांपर्यंत आलेले शब्द मावशीने गिळले. पोरीचं मन कशाला मोडायचं, असं तिने पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगितलं. काही नाही हो. तिला ते कौतुक आवडलं होतं, एवढीच गोष्ट होती.

प्रयोग संपला. मॅडमने पानंच्या पानं लिहिली. आसपासच्या मत्स्यबीजवाल्यांना, म्हणजे माशांची पिल्लं वाढवून विकणाऱ्यांना, बोलावून निव्वळ पेंडीच्या या नवीन खाद्याची कृती सांगायची असं ठरलं. चाळीस जण तरी येणार होते. पण त्याच्या कितीतरी आधी मावशीने एक उद्योग करून ठेवला होता. कृतीचा कागद तिने आपल्या भाच्याला नेऊन दिला होता.

भाचा म्हणजे तिच्या भावाचा मुलगा. भाऊ लवकर गेला, पोराला टाकीचं काम मावशीनेच शिकवलं. त्याच्या स्वतःच्या सहा टाक्या होत्या, जिरे आणून ते बोटाएवढे करून द्यायचे, हा त्याचा धंदा. तिने कागद त्याच्या हातात ठेवला आणि म्हणाली, "आमच्या मॅडमनी काढलंय. डोळे झाकून घाल." आता विचाराल की स्वतः लबाडी करून वर सख्ख्या भाच्याला कशी काय दिली ही कृती? तर सांगतो. पाण्याला पेंडीची सवय होते हे मॅडमचं बोलणं तिने इतक्यांदा ऐकलं होतं की तिला ते निम्मं खरं वाटू लागलं होतं. आपला एक मग तो काय, आणि टाकी केवढी! तसंही पाणी सुधारलंच असतं. माणूस आपली चूक अशीच पातळ करत जातो.

महिन्याभराने एका दुपारी भाचा तिच्या दारात उभा. हातात पाण्याची बाटली, मान खाली.

"आत्या, जिरे गेले गं."

"किती?"

"चार टाक्या साफ. दोनात मूठभर उरलेत." तो आत यायलाही तयार नव्हता. "मी सगळीकडे तुझं नाव सांगतो, आत्याच्या हाताखाली तयार झालोय म्हणून. आणि हे करून ठेवलं. तुला तोंड दाखवायची लाज वाटत होती, म्हणून चार दिवस आलोच नाही."

मावशी तशीच त्याच्याबरोबर निघाली.

सहाही टाक्यांचं पाणी तांबूस होतं, तीन नंबरचं झालं होतं तसं. तिने पेला बुडवून उजेडाकडे धरला. आत काहीच हललं नाही. तिला दुसरा पेला बघायची गरज नव्हती. त्या क्षणी तिला सगळं स्वच्छ कळलं: पेंड पाणी मारते, पाण्याला कसली सवयबिवय होत नाही, आणि केंद्रातल्या तीन टाक्या पाच आठवडे तिच्या मगावर जगल्या.

भाच्याची बायको चहा घेऊन आली होती. तीही वैतागलेली. "आत्या, आता तुम्हीच सांगा यांना. मी म्हणत होते, एका टाकीत घालून बघा आधी. पण आमचं कोण ऐकतंय! कुठेतरी घाई केली असणार, आणि आता खापर कशावर फोडायचं ते शोधत बसलेत."

"आत्या, तूच सांग," भाचा म्हणाला. "मी कुठे चुकलो?"

आता बघा, इथे त्या बाईला एक दार उघडं होतं. सरळ, मोठं दार. समोर तिचा भाचा आणि त्याची बायको, परकं कोणी नाही. आणि ती काय म्हणाली?

"जिरे सोडायच्या आधी पाणी किती दिवस मुरू दिलं होतंस?"

"बारा दिवस."

"पंधरा द्यायला हवे होते रे. मग तेच."

भाच्याने लगेच मान हलवली. "तेच असणार," तो म्हणाला. बायकोने त्याच्याकडे बघितलं, आणि ते बघणं मावशीने पाहिलं. मग मावशीने तिथे बसून चहा प्यायला. कप अर्धा टाकला तर कोणी कारण विचारील, म्हणून शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. निघताना भाचा तिला दारापर्यंत सोडायला आला आणि हळूच म्हणाला, "केंद्रात बोलू नकोस हं. माझ्या गाढवपणाने मॅडमच्या कामाला बट्टा नको."

त्यानंतरचे तीन आठवडे मावशीने कसे काढले ते विचारू नका. कोणी तिचं नाव काढलं तरी दचकायची. नव्या कामगारांना टाक्या दाखवायचं बंद केलं. मॅडमला रोज सांगायचं ठरवायची आणि रोज तिच्यासमोर उभं राहून भलतंच काहीतरी बोलायची: नळ गळतोय, जाळी फाटलीये, ऊन फार झालंय.

सभेच्या आदल्या दिवशी सकाळी मॅडमने तिला वर बोलावलं. टेबलावर कृतीच्या छापील कागदांचा गठ्ठा होता. "बघा, मावशी, खाली तुमचाही उल्लेख केलाय, टाक्यांची निगा तुम्ही राखली म्हणून. उद्या पहिल्या रांगेत बसायचं हं. आणि सगळे याच हंगामात घालणार म्हणताहेत! चाळीसच्या चाळीस!"

चाळीस. मावशीच्या डोळ्यांपुढे चाळीस भाचे उभे राहिले, बाटली हातात आणि मान खाली. तिने खुर्चीची पाठ धरली.

"पोरी, तीन, सात आणि अकरामध्ये मी पाणी घालत होते. पाच नंबरचं."

मॅडमने हातातला कागद गठ्ठ्यावर ठेवला.

"किती?" तिने विचारलं.

"एकेक मग."

"रोज?"

"रोज. रविवार सोडून. रविवारी मी नसते."

मॅडमने वही ओढली आणि पानं उलटली. "रविवार सोडून," ती स्वतःशीच म्हणाली. "म्हणून सोमवारी आकडा पडायचा. दर सोमवारी. मला कळतच नव्हतं का ते. त्यावर मी दोन पानं लिहिलीयेत, मावशी. खाद्य, ऊन, वारा, सगळी कारणं शोधून." तिला हसू फुटलं, आणि ते अर्ध्यावरच तुटलं. "का केलंत?"

"तुझ्यासाठी," मावशी म्हणाली आणि तिला स्वतःचीच किळस आली. "नाही. तुझ्यासाठी नाही. सर म्हणाले हात थकला. माझ्या टाक्या मेल्या असं होऊ नये म्हणून केलं."

मॅडमने चष्मा काढून ओढणीला पुसला. "तीन वर्षं या एका प्रश्नामागे आहे मी," एवढंच म्हणाली. मग एकदम मान वर केली. "कोणी वापरलंय का हे खाद्य? कुणाला कृती दिलीये का?"

आणि मावशी म्हणाली, "नाही."

का म्हणाली? अहो, एक कबुली देऊन तिचा जीव मेटाकुटीला आला होता. दुसरी देण्याइतकी ताकद तिच्यात उरली नव्हती. भाच्याला तिने दिलेली कृती, ते बारा दिवस आणि पंधरा दिवस, तो चहा, हे सगळं बोलायचं म्हणजे अंगावरचे कपडे काढून उभं राहण्यासारखं होतं. मॅडमने मान हलवली आणि म्हणाली, "तुम्ही जा आता, प्लीज."

सभा ठरल्याप्रमाणे झाली. केंद्राचा हॉल, प्लास्टिकच्या खुर्च्या, डोक्यावर करकरणारे पंखे. भाचाही आला होता. आत्यासाठी त्याने दुसऱ्या रांगेत जागा धरून ठेवली होती. पहिल्या रांगेत बसायचं मावशीला धैर्य नव्हतं.

मॅडम उभी राहिली. नेहमीचं भरभर बोलणं नाही, एकेक शब्द सुटा. "कृती सांगायला तुम्हाला बोलावलं होतं. ती मी देणार नाहीये. माझा निष्कर्ष चुकीचा आहे. प्रयोगाच्या टाक्यांमध्ये पाण्याची सरमिसळ झाली होती, म्हणून पेंडीच्या टाक्या चांगल्या दिसल्या. खरं म्हणजे निव्वळ पेंडीने पाण्यातले जीव मरतात. देखरेख माझी होती, चूक माझी आहे. सुदैवाने हे खाद्य अजून कोणी वापरलेलं नाही."

"मी वापरलंय," भाचा म्हणाला.

तो उठून उभा राहिला होता. मॅडमने त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या शेजारी बसलेल्या मावशीकडे, आणि कृती कुठून गेली ते तिला कळलं. भाच्याने सगळं सांगितलं, सहा टाक्या, तांबूस पाणी, मूठभर जिरे. मग काय विचारता! हॉलमध्ये एकच गलका. "यांचे प्रयोग होतात आणि आमच्या टाक्या जातात!" "वर म्हणे कोणी वापरलं नाही!" "खोटं बोलतेय बाई सरळ सरळ!" मोठे सर कपाळाला आठ्या घालून मॅडमकडे बघत होते. मॅडम उभीच होती. तिने मावशीचं नाव घेतलं नाही. पुन्हा मावशीकडे पाहिलंही नाही.

भाचा खाली बसला. किती दिवसांनी त्याची मान ताठ होती. त्याने मावशीचा हात घट्ट धरला आणि तिच्या कानाशी आला. "आत्या, माझी चूक नव्हतीच गं! मी उगाच त्या बारा दिवसांवरून स्वतःला खात बसलो होतो. या मॅडमचाच घोळ निघाला. बघ ना, तुलाही फसवलं त्यांनी."

मावशीला वाटलं आपण इथेच, या खुर्चीत, मरून जावं. पण असं मागून कोणाला मरण येत नाही. ती उठली. पुढच्या खुर्चीला धरून उभी राहिली.

"सरमिसळ झाली नाही," ती म्हणाली. गलक्यात कोणाला ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा मोठ्याने म्हणाली. "झाली नाही, मी केली. रोज सकाळी, मगाने, कोणी यायच्या आत. नियम मला माहीत होता. माझ्या टाक्या मेल्या म्हणून मला लाज वाटली, म्हणून केली. मॅडमना मी कालपर्यंत कळू दिलं नाही. आणि कोणी वापरलं नाही, हेही मीच त्यांना खोटं सांगितलं. या पोराला कृती मी दिली होती. मॅडमना काही बोलू नका. बोलायचं ते मला बोला."

गलका थांबला. मागून एका जाड्या मत्स्यबीजवाल्याने विचारलं, "मग मावशी, रोज एकेक मग चांगलं पाणी घातलं की पेंड चालते म्हणायची का?" आणि चारपाच जण हसले. तिच्या आयुष्याचे धिंडवडे निघाले होते आणि त्या गृहस्थाला त्यातून युक्ती हवी होती.

"नाही चालत, बाबा," मावशी म्हणाली. "मग थांबला की मरतं." आणि ती खाली बसली.

पुढे मॅडम काहीतरी बोलू लागली, प्रयोग पुन्हा करायचा, बाराही टाक्या धुऊन नव्याने, असं काहीतरी. मावशीला धड ऐकू येत नव्हतं. शेजारी भाचा समोर बघत बसला होता. तिचा हात त्याने सोडला होता.

"त्या दिवशी माझ्याकडे आलीस," तो हळूच म्हणाला, "पेला उजेडाकडे धरलास. तेव्हाच कळलं होतं तुला?"

"हो."

"आणि बारा दिवस कमी पडले म्हणालीस."

"म्हणाले."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. चारचौघांत तोंडाला येईल ते बोलला असता तरी चाललं असतं. तो नुसता मान हलवत राहिला, हिशेब जुळल्यासारखी.

"तीन आठवडे मी घरात खाली बघून जेवतोय, आत्या. बायको काही बोलली की गप्प बसतोय. म्हटलं, आत्याने सांगितलंय, म्हणजे माझंच चुकलं."

"चुकले रे" हे शब्द या कामाला फार तोकडे होते, हे मावशीला कळत होतं. तरी ती तेच म्हणाली.

"मला नको सांगूस," भाचा उठत म्हणाला. "घरी चल, आणि तिला सांग. मी सांगितलं तर तिला पटायचं नाही. म्हणेल, स्वतःचं झाकायला आत्यावर ढकलतोय."

मावशी उठली आणि त्याच्या मागे चालू लागली.